भागधारक आत्या

आमच्या आत्याला कुठलीही गोष्ट नुसती सांगून चालत नसे. आपण सांगायला तोंड उघडलं की तिचा उजवा तळहात पुढे यायचा आणि ती म्हणायची, "दाखवा." मी दहावी पास झाले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पेढे मागितले, आत्याने गुणपत्रिका मागितली. तिच्या मुलीला बघायला धुळ्याहून पाहुणे आले. मुलगा इंजिनिअर आहे, असं त्याच्या वडिलांनी सांगायला आणि आत्याचा तळहात पुढे यायला एकच गाठ पडली. पोह्यांची बशी खाली ठेवून त्या मुलाने मोबाइलमध्ये पदवीचा फोटो शोधून काढला. आम्ही लाजेने अर्धमेले झालो. पण लग्न जमलं, आणि पुढे हाच जावई सगळ्यांना सांगत सुटला की आमच्या सासूबाईंनी मला तपासून घेतलंय, आता तक्रारीला जागा नाही.

आता आत्या नाही. तिच्याबद्दल बोलायला लागले की मला थांबवत नाही, असं माझा नवरा म्हणतो. नसेल थांबवत. अभिमान वाटावा अशी माणसं घरोघरी असतात, पण आपल्याला ज्यांचा अभिमान वाटतो ते आपण मोठ्याने सांगत नाही. मी सांगते.

आत्या भुसावळला रेल्वेत तिकीट तपासनीस होती. तिचे यजमान, आमचे काका, रेल्वेतच होते. ते तरुणपणी गेले आणि त्यांच्या जागी तिला नोकरी मिळाली. साडीवर काळा कोट, खिशाला पेन, पायात चपटे बूट, आणि डब्यात शिरली की भल्याभल्यांची झोप उडेल असा आवाज. फैजपूरजवळच्या आमच्या गावात तिला सगळे 'टीसी अक्का' म्हणत. ती म्हणायची, "तिकीट मागणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे गं. मी आमदाराकडे मागते, भाजीवाल्या बाईकडेही मागते. ज्याच्याकडे असतं तो काढून दाखवतो आणि पुन्हा झोपतो. रागावतात दोनच जण. ज्याच्याकडे नसतं तो, आणि ज्याच्याकडे असून जो स्वतःला फार मोठा समजतो तो."

हा दुसरा प्रकार तिच्या माहेरीच होता. तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे वडील. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणतो. भाऊंनी एकदा तिच्यासाठी गरम भरीत-भाकरीचा डबा बांधून भुसावळ स्टेशनवर नेला, तर हिने त्यांना फाटकाशीच अडवलं. प्लॅटफॉर्म तिकीट नव्हतं. भाऊ म्हणाले, "अक्का, अगं मी आहे." आत्या म्हणाली, "दिसतंय की मला. आंधळी नाही मी. दंड भर." दंड भरून घेतला, पावती फाडून दिली आणि मग त्याच बाकावर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आणि भरीत असं काही चाटूनपुसून खाल्लं की बोलायची सोय नाही. ती पावती भाऊंच्या मनात कायमची बोचून राहिली. ते आईला म्हणायचे, "हिच्यापुढे मी भाऊ नाही, प्रवासी आहे."

आणि तरी तिच्यावाचून त्यांचं पान हलत नसे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, आणि मानाची लेक असेल तर तिला आणायला भावाने स्वतः जायचं असतं. आत्याकडे रेल्वेचा पास होता, भुसावळहून आमच्या गावाला दिवसभर बस असते, तिला कोणी आणायची गरज नव्हती. पण दरवर्षी भाऊ पांढरा सदरा घालून तिला आणायला जायचे. आत्याही काही झालं तरी आपण होऊन यायची नाही. बॅग भरून खुर्चीत बसून राहायची.

आमच्या भागातल्या केळी बागाईतदारांनी मिळून शेतकऱ्यांची कंपनी काढली, तेव्हा आत्याने तिचे भाग, म्हणजे शेअर, घेतले. तिच्या स्वतःच्या नावावर गावात केळीचा तुकडा होता, त्यामुळे ती कायद्याने शेतकरी होती. निवृत्त झाल्यावर तर रीतसर बागाईतदारीण झाली. केळीची रोपं आली की रोपवाटिकेच्या माणसापुढे तळहात, खत आलं की दुकानदारापुढे तळहात. कंपनीचे अध्यक्ष झाले भाऊ. पॅकहाउस उभं राहिलं, केळी धुवायचे हौद झाले, खोके भरायला बायका आल्या, वरच्या मजल्यावर कचेरी झाली. भाऊंनी त्यात जीव ओतला, हे मी लेक म्हणून सांगत नाही. त्यांच्याशी भांडणारेसुद्धा सांगतील.

आमच्या कंपनीची वार्षिक सभा म्हणजे वरण-बट्टीचं जेवण. मांडवाच्या एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या. आत शिरताना सही करायची, पुढे बसायचं, मॅनेजर विषय वाचणार, लोक "मंजूर" म्हणणार. बट्टी तुपात चुरायची वेळ जवळ आली की मंजुरीचा वेग वाढतो. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, तर ते विचारायचीही पद्धत नाही. पहिल्या रांगेत जो मोठ्याने "मंजूर" म्हणेल तो सूचक आणि त्याच्या शेजारचा अनुमोदक, असं मॅनेजर राकेश वर्षानुवर्षं लिहीत आलाय. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आत्या दरवर्षी हजर असायची आणि दर विषयाला हात वर करून "परत वाच रे" म्हणायची, त्यामुळे जेवायला उशीर व्हायचा. लोक तिच्यावर वैतागायचे.

त्या वर्षी ती सभेला नव्हती. धुळ्याला मुलीचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून ती तिकडे राहिली होती. सभा झटपट उरकली. सगळ्यांनी बट्ट्यांवर ताव मारला आणि टीसी अक्का नव्हत्या म्हणून किती बरं झालं, असं म्हणत घरी गेले.

उन्हाळा लागता लागता गावात कुजबुज सुरू झाली. पॅकहाउसमागची कंपनीची मोकळी जागा एका व्यापाऱ्याला लांब मुदतीच्या कराराने देणार, असं कळलं. तो तिथे केळी पिकवायच्या खोल्या बांधणार होता. पण त्याच जागेतून लोकांचे ट्रॅक्टर जायचे, म्हणजे रस्ता बंद होणार. करारावर अजून सह्या व्हायच्या होत्या. लोकांनी विचारलं, तर राकेश म्हणाला, "गेल्या सभेत मंजूर झालंय." कोणाला काही आठवेना. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, भाऊनं परस्पर जागा विकून खाल्ली. सगळ्यांत मोठा आवाज पंडितनानांचा. हे आमचे शेजारी, भाऊंच्या बरोबरीचे. पारावर बसून म्हणायचे, "मले विचारलं का कोनी? मी सभेले होतो ना! असा ठराव झालाच नाही बापा!"

भाऊंच्या कानावर हे आलं आणि त्यांनी तोंडच मिटून घेतलं. सभेत काय झालं ते लिहिलेली वही कपाटात होती. ती काढून चार माणसांना वाचून दाखवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण नाही. "मी का दाखवू? इतकी वर्षं राबलो त्याचं हे फळ? ज्याला वाटतं त्याला वाटू दे." झालं! न दाखवल्याने लोकांची खात्रीच पटली.

आत्याने हे भुसावळला ऐकलं आणि मला फोन केला. मी जळगावला कर सल्लागाराच्या कचेरीत काम करते; तेव्हा लग्न व्हायचं होतं, गावाहूनच जाऊन-येऊन करायचे. "पोरी, मी भागधारक आहे. मला कंपनीत काय काय बघता येतं, नीट विचारून सांग." आमच्याच इमारतीत कंपनी कायद्याचं काम करणाऱ्या मॅडम बसतात. त्यांना विचारून मी सांगितलं की सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची वही, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहिलेली, कुठल्याही भागधारकाला कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात, कामाच्या वेळात, रोज निदान दोन तास फुकट बघता येते. संचालकांच्या बैठकीची वही नाही बघता येत, हिशेबाची पुस्तकंही नाहीत. आत्याने माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग मॅडमनी ते कायद्याच्या पुस्तकात दाखवलं का, असंही विचारलं.

मी म्हटलं, "आत्या, भाऊंना काय वाटेल?"

"वाईट वाटेल," ती म्हणाली. "मग?"

दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन आत्या कंपनीत हजर. राकेशची गाळण उडाली. अध्यक्षांची सख्खी मोठी बहीण अध्यक्षांची वही मागते, असा प्रसंग त्याला कोणी शिकवलेला नव्हता. तो म्हणाला, "अक्का, किल्ली भाऊंकडे आहे." भाऊ खाली पॅकहाउसमध्येच होते. त्यांनी निरोप पाठवला, "सांग, किल्ली सापडत नाही."

आत्या म्हणाली, "बरं. गाडी लेट आहे, रद्द नाही. मी बसते."

आणि ती बसली. कचेरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, बरोबर दोन तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर रोजच. भुसावळहून फैजपूरच्या बसने यायची, पिशवीतून पाण्याची बाटली आणि शेवचिवड्याची पुडी काढायची, राकेशला एकदा विचारायची, "किल्ली?" तो मान खाली घालायचा. मग ती शांतपणे शेव खात बसायची आणि त्याच्या टेबलावरच्या धुळीपासून त्याच्या न ठरलेल्या लग्नापर्यंत सगळ्या गोष्टींवर बोलायची. दोन तास झाले की उठायची. आमच्या घरात पाऊल टाकायची नाही, सरळ बसस्टँड. आणि गंमत अशी, की भाऊ रागाने लाल झालेले, बहिणीचं नाव काढू देत नव्हते, पण रोज त्या वेळी आईला म्हणायचे, "कचेरीत चहा पाठव. आलं घालून. तिला बिनआल्याचा चालत नाही." वही मिळत नव्हती, चहा मात्र वेळेवर. आत्या तो प्यायची आणि कप परत देताना म्हणायची, "सांग त्याला, साखर जास्त झाली."

घरात आमचं जगणं मुश्कील झालं. भाऊ जेवताना ताटाकडे बघून बोलायचे, "बापाच्या माघारी हिच्या मांडीवर वाढलो मी. सारं गाव संशय घेतं ते घेऊ दे. पण हिने?" धुळ्यात सगळ्यांपर्यंत बातमी गेली. आत्याच्या विहीणबाईंनी फोन करून विचारलं, "काय व ताई, भाऊसंगे भांडी उनी का? आठे बठ्ठास्ले मालूम शे." आत्या म्हणाली, "भांडले नाही हो. वही मागितली."  आखाजी जवळ येत होती. यंदा भाऊ तिला आणायला जाणार नाहीत, हे आईने गृहीत धरलं होतं, आणि एकदा न आणलेली बहीण पुन्हा कुठल्या तोंडाने येणार, म्हणून ती देवापुढे रडत होती. एका वहीपायी आत्याचं माहेर तुटणार, असंच आम्हाला वाटत होतं. मीही आत्याला म्हटलं, आता पुरे कर. ती म्हणाली, "हक्क माझा आहे पोरी. तो माझ्या भावाविरुद्ध नाहीये. तू मध्ये रडू नकोस."

मग एक दिवस पंडितनाना कचेरीत चढून आले. आत्याबद्दल त्यांना एकाएकी फार कळवळा आला होता. जिन्यावरूनच मोठ्याने म्हणाले, "अक्का, जाऊ द्या ना! काबरं उन्हातान्हात येता? खाल्लं असंल भाऊनं, तरी तुमचा भाऊच हाये तो. पोटात घाला." खालच्या बायकांचे खोके भरणारे हात थांबले. भाऊ हौदापाशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

मी त्या दिवशी सुट्टी काढून आत्यासोबत आले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. भाऊ जिना चढून आले. कोणाकडे न बघता कपाट उघडलं, म्हणजे किल्ली त्यांच्या खिशातच होती. आतलं सगळं दप्तर दोन्ही हातांनी ओढून त्यांनी टेबलावर आदळलं. "घे! सभेची वही घे, संचालकांची घे, हिशेब घे, माझ्या बँकेचं पासबुकही आणून देतो. बघ बाई! बघ तुझा भाऊ चोर आहे का ते!"

आत्याने चष्मा लावला. त्या ढिगातून तिने एकच वही बाजूला घेतली आणि बाकी सगळं दोन्ही हातांनी भाऊंकडे परत सरकवलं. "हे माझं नाही. हे बघायचा मला अधिकार नाही. राकेश, कपाटात ठेव." नोकरीतही तिचं हेच होतं. आपल्या वाट्याचे डबे डोळ्यांत तेल घालून तपासायचे आणि पलीकडच्या डब्यात डोकावायचंही नाही. भाऊ तसेच उभे राहिले. त्यांना भांडायचं होतं, आणि ही तर समोर बसून वाचायला लागली.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पान मागे उलटून पुन्हा एकदा वाचलं.   खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की काहीतरी निघालं तर काय करू?

आत्याने चष्म्यावरून वर बघितलं. "नाना, तुम्हीही भागधारक आहात ना?"

"हो. पहिल्यापासून," नाना छाती काढून म्हणाले.

"मग माझा हक्क तोच तुमचा. या, बसा इथे. वाचा. मोठ्याने वाचा, खाली बायकांना ऐकू जाऊ दे."

नानांनी वही घेतली. पॅकहाउसमागील मोकळी जागा कराराने देणेबाबत, असं वाचलं. खाली मुदत होती, अटी होत्या, रस्त्याचाही उल्लेख होता. ठराव सर्वानुमते मंजूर. मग नानांचा आवाज एकदम बसला.

"पुढे?" आत्या म्हणाली.

"सूचक..." नाना म्हणाले आणि त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ धरली. "सूचक माह्यं नाव हाये."

"तुमचंच?"

"माह्यंच हाये. पन मी कवा... मी तं..." आणि मग त्यांना आठवलं असावं. कारण राकेश हळूच बोलला, "नाना, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मी विषय वाचला आणि तुम्ही म्हणालात, मंजूर, मंजूर, चला, बट्ट्या गार व्हऊन राहिल्या."

खालून एक बाई खुदकन हसली. मग सगळं पॅकहाउस हसायला लागलं. नाना हसावं की रडावं अशा तोंडाने उभे होते. राकेशने खोटं काही लिहिलं नव्हतं, भाऊंनी लपवून काही केलं नव्हतं. भाऊंनी विषय मांडला होता आणि गावाने तो वरणाबरोबर गिळून टाकला होता. आत्या मात्र हसली नाही. ती उठली, जिन्याच्या कठड्याशी गेली आणि आपल्या त्या डब्यातल्या आवाजात म्हणाली, "ऐका सगळे. मी भागधारक आहे आणि मी वही वाचलीय. माझ्या भावाने चोरी केलेली नाही. मंजूर तुम्ही म्हणालात. हे गावभर सांगा, जितक्या जोरात त्याला चोर म्हणत होतात तितक्याच जोरात."

अंगावर काटा आला माझ्या. आजही येतो.

मग ती भाऊंकडे वळली. "लिहिलंय ते खरं आहे, सुधाकर. पण काय मंजूर केलं ते कोणाला ठाऊक नव्हतं, हेही खरं आहे. सभा परत घे." भाऊ जिना उतरून गेले. आम्हाला वाटलं, कौतुक करतील, बहिणीला घरी घेऊन जातील. पण ते तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. त्या दिवशीही आत्या बसस्टँडवरूनच परत गेली, आणि बसच्या खिडकीत बसल्यावर पहिल्यांदा मला ती म्हातारी दिसली.

भाऊंनी सभा मात्र घेतली. त्यांचा अहंकार मोठा असला तरी कंपनी त्याहून मोठी होती. आधी ठराव वाचला, मग चर्चा झाली, भांडणं झाली, पंडितनाना तीनदा उठले आणि तीनदा बसले. हात वर करून मतं घेतली. कराराची मुदत कमी झाली, ट्रॅक्टरचा रस्ता मोकळा राहिला, व्यापारीही त्याला तयार झाला. जेवण झालं ते हे सगळं संपल्यावर. बट्ट्या गार झाल्या होत्या, कोणी कुरकुर केली नाही. आत्या मागच्या रांगेत बसली होती. भाऊ आणि ती, दोघं एका मांडवात बसून एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

आणि आखाजी आली.

आदल्या दिवशी आई सकाळपासून पुरण वाटत होती आणि माझ्याकडे बघत होती. भाऊ मळ्यातून आले, आंघोळ केली, कपाटातून पांढरा सदरा काढला. मला म्हणाले, "गाडी काढ." कुठे जायचं, हे मी विचारलं नाही. तापीच्या पुलावर म्हणाले, "काच खाली कर." बस, एवढंच.

आत्याने दार उघडलं. तिची बॅग भरलेली नव्हती. यंदा कोणी येणार नाही, हे तिनेही धरून ठेवलं होतं. तिने पाणी दिलं. भाऊंनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत.

"अक्का, एक विचारतो. खरं सांग."

"मी खोटं कधी बोलले?"

"तुला माझ्यावर संशय होता का?"

मी मनातल्या मनात म्हटलं, आत्या, नाही म्हण. एवढा एक शब्द म्हण आणि संपव हे. कुठलीही बहीण म्हणाली असती.

"होता," आत्या म्हणाली.

 आत्या त्यांच्यासमोर खाली बसली, जमिनीवर, गुडघे दुखत असताना. "होता रे सुधाकर. रात्रंदिवस होता. माझ्या हातांनी वाढवलेलं पोर असं करेल का, म्हणून जेवण जात नव्हतं. संशय नसता तर मी भुसावळला बसून तुझी बाजू घेतली असती. गाव म्हणालं असतं, बहीणच ती, ती काय दुसरं बोलणार! मी खरंच बघायला आले होते, हे त्यांना दिसत होतं. म्हणून माझा शब्द त्यांनी ऐकला. आणि वही वाचून झाली ना, तेव्हा मी जिन्याशी का गेले माहितीय? तुझ्यासमोर रडू आलं असतं म्हणून."

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी पाणी पिऊन टाकलं, पेला ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःच तिची बॅग काढली. कपाटातल्या साड्या वेड्यावाकड्या कोंबायला लागले. आत्या ओरडली, "अरे, घडी! घडी मोडतोस!"

"मोडू दे," भाऊ म्हणाले. "आणखी दोन टाक. आखाजी झाली की पळायचं नाही. सोमवारपर्यंत राहायचं."

"सोमवारी काय आहे?"

"कंपनी उघडते," भाऊ म्हणाले. "येऊन बस. मी चहा सांगतो."